स्पर्धेसाठी बाणाचा शाफ्ट: जाड घ्यावा की बारीक?

घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार मंडळी,

पावसाळा लागला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या बहुतेक तिरंदाजांचा मैदानावरचा सराव विस्कळीत होतो. ७० मीटरची जागा चिखलात जाते, मग शाळेचा नाहीतर सोसायटीचा एखादा हॉल मिळवून १८ मीटरवर सराव सुरू होतो आणि त्याबरोबर दरवर्षीचा प्रश्नही पुन्हा निघतो: इनडोअरसाठी जाड बाण घ्यावेत का, आणि घेतलेच तर तेच बाण दिवाळीनंतर मैदानावरही चालतील का? या प्रश्नाची तुकड्यातुकड्यांत उत्तरे बरीच दिली गेली आहेत. सगळे हिशेब एकदा एका जागी असावेत म्हणून हा धागा काढतो आहे.

माझे मत आधी मांडतो, कारणे मागाहून देतो. ज्याच्याकडे बाणांचा एकच संच असणार आहे त्याने बारीक शाफ्टच (बाणाची दांडी) घ्यावा. जाड शाफ्ट ही दुसरा संच म्हणून घेण्याची वस्तू आहे, आणि तोही आपल्या धनुष्याला जुळणाऱ्या स्पाइनमध्ये (शाफ्टच्या लवचीकपणाच्या मापात) मिळत असेल तरच घ्यावा.

वर्ल्ड आर्चरी या जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमानुसार शाफ्टचा व्यास ९.३ मिमीपेक्षा जास्त चालत नाही, टोकाला ९.४ मिमीपर्यंत मुभा आहे. बाणाचा शाफ्ट दोन रिंगमधल्या रेषेला नुसता टेकला तरी वरचे गुण मिळतात, आणि जाड बाणाची सगळी ओढ या एका नियमातून येते. बारीक कार्बन शाफ्टचा बाहेरचा व्यास साडेपाच मिमी धरला आणि जाड शाफ्ट थेट ९.३ मिमीचा, तर त्रिज्येत १.९ मिमीचा फरक पडतो. म्हणजे बाणाचा मध्य रेषेपासून आणखी १.९ मिमी बाहेर पडला तरी जाड बाण रेषेला टेकतो.

हे १.९ मिमी सगळ्या अंतरांवर तेवढेच राहतात, बदलते ती रिंगची रुंदी. १८ मीटरच्या ४० सेंमी फेसवर (लक्ष्याच्या कागदावर) प्रत्येक रिंग २० मिमी रुंद आहे. तिथे दर बाणामागे सरासरीने जवळजवळ एक दशांश गुण वाढतो आणि ६० बाणांच्या फेरीत साडेपाच-सहा गुणांची भर पडते. ५० मीटरवर कंपाउंडच्या (टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या) ८० सेंमी फेसवर रिंग ४० मिमीची असते, तिथे ७२ बाणांत जेमतेम साडेतीन गुण वाढतात. ७० मीटरच्या १२२ सेंमी फेसवर रिंग ६१ मिमीची होते आणि ७२ बाणांत हाती येतात ते सव्वादोन गुण. यातला प्रत्येक आकडा वरच्या मर्यादेचा आहे, कारण जो बाण दहाच्या पोटात खोल बसला त्याला जाडीचा काहीच उपयोग होत नाही.

मैदानावर या सव्वादोन गुणांसाठी आपण काय मोजतो, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे हिवाळ्याच्या सकाळी वारा मंद असतो आणि तो बहुधा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. दुपार झाली की खाडी-समुद्राच्या बाजूने वारा सुटतो आणि पाम बीच रोडच्या पट्ट्यात किंवा घोडबंदरच्या मोकळ्या जागेत तो चांगलाच जाणवतो. अशा वाऱ्यात जाड बाण किती सरकतो, यावर जाणकारांनी लिहावे.

कंपाउंडवाला_खारघर

सर, हिशेब पटला, पण तो रिकर्व्हच्या (बिनचाकांच्या धनुष्याच्या) बाजूने मांडलेला आहे. कंपाउंडवाल्यांचे इनडोअरचे गणित वेगळे असल्यामुळे ते इथे नोंदवतो.

१८ मीटरवर रिकर्व्हला दहा गुण ४ सेंमी व्यासाच्या वर्तुळाला मिळतात, तर कंपाउंडला फक्त आतल्या २ सेंमीच्या वर्तुळाला. त्या वर्तुळाची त्रिज्या १० मिमी. साडेपाच मिमीच्या बाणाला शाफ्टची निम्मी जाडी धरून १२.७५ मिमी त्रिज्येचे क्षेत्र मिळते, ९.३ मिमीच्या बाणाला १४.६५ मिमीचे. क्षेत्रफळांची तुलना केली तर दहा गुणांची जागा सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते. रिकर्व्हला हीच वाढ १७ टक्के येते, आणि मैदानावर ८० सेंमी फेसवर ९ टक्के. कंपाउंडचा चांगला नेमबाज इनडोअरला आठ क्वचितच मारतो. त्याचा सगळा झगडा दहा आणि नऊ यांच्यातल्या एकाच रेषेशी असतो. त्या रेषेवरचे १.९ मिमी त्याने सोडून द्यावेत, असे मला वाटत नाही.

एका गुणाची किंमत किती असते हे आपल्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २०२३ च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळे यांनी कंपाउंडचा अंतिम सामना १५०-१४९ असा जिंकला, आणि त्याच स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी १४९-१४७ अशा गुणांनी विश्वविजेत्या झाल्या.

जाड शाफ्ट आम्हाला सोपा जातो त्याचे आणखी एक कारण आहे. आम्ही रिलीज (दोरी धरून सोडणारे हातातले साधन) वापरतो, त्यामुळे दोरी बोटांवरून घसरताना बाजूला जात नाही आणि बाणाला रायझरला (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाला) वळसा घालून जावे लागत नाही. शाफ्ट गरजेपेक्षा थोडा ताठ असला तरी कंपाउंडवरून तो नीट निघतो. त्यामुळे ‘२३१५’ सारखा ॲल्युमिनियमचा दणकट बाणही आमच्याकडे सहज चालतो.

घोडबंदरकर (ठाणे)

कंपाउंडच्या इनडोअरबद्दल तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. तिथे दुसरा, जाड संच असलाच पाहिजे. बर्लिनचे ते दोन्ही सामने मात्र ५० मीटरवर, उघड्यावर झाले होते, म्हणजे जिथे जाड बाणाचा लाभ घटतो आणि वारा आडवा येतो त्याच ठिकाणी. एका गुणाची किंमत तिथेही तेवढीच असते, पण तो गुण मिळवायचा मार्ग तिथे निराळा आहे.

नव्या वाचकांसाठी ‘२३१५’ चा अर्थ सांगून ठेवतो. ॲल्युमिनियमच्या शाफ्टवरचे पहिले दोन अंक म्हणजे इंचाच्या चौसष्टाव्या भागांत बाहेरचा व्यास, आणि पुढचे दोन म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत नळीच्या भिंतीची जाडी. तेव्हा २३१५ म्हणजे २३ भागिले ६४ इंच, अर्थात ९.१ मिमीच्या आसपास व्यास, आणि भिंत ०.०१५ इंचाची. हा ९.३ च्या मर्यादेत बसतो. परदेशी दुकानांत २७ आकड्याचे शाफ्टही दिसतात. त्यांचा व्यास साडेदहा मिमीच्या वर जातो आणि आपल्या स्पर्धांत ते बाद होतात. स्वस्त मिळाले म्हणून कोणी मागवू नयेत.

नेरुळची_आई

नमस्कार. मी स्वतः तिरंदाज नाही, पण माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि रिकर्व्ह खेळते. सध्या १८ वर्षांखालच्या गटात ६० मीटरवर खेळते आणि पुढे ७० मीटरवर जाईल. तिच्या धनुष्याचे बोटांवर येणारे वजन ३४ पाउंडच्या आसपास आहे, बाणाची लांबी २८ इंचांपेक्षा थोडी कमी आहे, आणि सध्याचे बाण ४.२ मिमी आतल्या व्यासाचे, ७०० स्पाइनचे कार्बन आहेत. एका विक्रेत्याने आम्हाला इनडोअरसाठी ९.३ मिमीचे कार्बन शाफ्ट घ्यायला सांगितले आहे. ‘गुण आपोआप वाढतील’ असे त्यांचे म्हणणे होते. डझनाचा खर्च आमच्यासारख्यांना लहान नाही. ते घ्यावेत का, आणि आतला व्यास व बाहेरचा व्यास यांत आम्ही कशाकडे बघायचे, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

घोडबंदरकर (ठाणे)

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कंपन्या कार्बन शाफ्टची ओळख बहुधा आतल्या व्यासावरून सांगतात: ३.२, ४.२, ५.२, ६.२ मिमी वगैरे. टोक आणि नॉक (दोरीवर बसणारी मागची खाच) बसवताना तो आकडा लागतो. रेषेला टेकणे आणि वारा लागणे या दोन्ही गोष्टी मात्र बाहेरच्या व्यासावर ठरतात, आणि आतला व्यास तोच राहूनही स्पाइननुसार बाहेरचा व्यास थोडा बदलतो, कारण ताठ शाफ्टची भिंत जाड असते. म्हणून तुलना करताना बाहेरचा आकडा विचारावा, आणि शक्य असल्यास व्हर्नियर लावून स्वतः मोजावा.

आता तुमचा पहिला प्रश्न. मुलीसाठी ९.३ मिमीचे शाफ्ट घेऊ नयेत असे मी स्पष्टपणे सांगेन, आणि त्याचे कारण स्पाइनमध्ये आहे. स्पाइन म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचे माप. २८ इंचांवर दोन आधार देऊन मधोमध ८८० ग्रॅमचे वजन टांगले आणि शाफ्ट अर्धा इंच वाकला तर तो ५०० चा, ०.७ इंच वाकला तर ७०० चा. आकडा मोठा तितका शाफ्ट लवचीक. रिकर्व्हमध्ये दोरी बोटांवरून सुटताना बाजूला ढकलली जाते, बाण सापासारखा वळवळत रायझरला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. हे वळवळणे धनुष्याच्या ताकदीशी जुळले तरच बाण स्वच्छ निघतो.

नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला तर तिचा ताठपणा साधारणपणे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १८१६ या ॲल्युमिनियम शाफ्टचा व्यास ७.१ मिमी आणि स्पाइन ७५६ आहे; त्याच्याशी तुलना केली तर ९.१ मिमीचा २३१५ दुपटीहून अधिक ताठ आहे. ३४ पाउंडच्या धनुष्यावरून असा बाण निघाला तर तो वळसा घालणार नाही, रायझरला किंवा रेस्टला (बाण टेकवायच्या आधाराला) शेपटीने आदळेल आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचे बाण डावीकडे जातील. कार्बनमध्ये जाड आणि तरीही लवचीक असे शाफ्ट काही प्रमाणात मिळतात, शाफ्ट लांब ठेवून आणि टोक जड करूनही तो थोडा ‘मऊ’ करता येतो. पण ७०० पासून इतके अंतर त्या उपायांनी भरून निघत नाही. त्यातून जे ग्रुपिंग (बाण एकत्र पडणे) बिघडेल ते सहा गुणांचा लाभ पहिल्या काही एंडमध्येच (एंड म्हणजे एका दमात मारायच्या बाणांचा गट) खाऊन टाकील.

इनडोअरसाठी काही वेगळे घ्यायचेच असेल तर १८१६ सारखा साधा ॲल्युमिनियम बाण तिच्या धनुष्याच्या वजनाला बराच जवळ बसेल. तिच्या आत्ताच्या बाणापेक्षा त्याची त्रिज्या ०.८ मिमीने जास्त आहे. ४० सेंमी फेसवर ६० बाणांत अडीच गुणांच्या आसपास फायदा होईल, आणि खर्च कार्बनच्या काही अंशानेच येईल. तेही जमत नसेल तर आहेत त्याच बाणांनी तिने इनडोअर खेळावे. सोळाव्या वर्षी नेमबाजाचे पाउंड वाढत असतात, वर्षभरात तिला ६०० कडे सरकावे लागण्याची शक्यता आहे, आणि त्या वेळी पैसे हाताशी असणे अधिक गरजेचे ठरेल.

खाडीवारा (ऐरोली)

वाऱ्याबद्दल विचारले आहे म्हणून सविस्तर लिहितो. माझा व्यवसाय यंत्र अभियांत्रिकीचा आहे आणि हा विषय माझ्या आवडीचा आहे.

बहुतेकांची कल्पना अशी असते की आडवा वारा बाणाच्या लांब बाजूवर आदळतो आणि त्याला ढकलत नेतो. सुटल्यानंतरचा अगदी थोडा वेळ सोडला तर तसे होत नाही. मागची पिसे बाणाची शेपटी वाऱ्याच्या दिशेने ढकलतात, त्यामुळे बाणाचे टोक किंचित वाऱ्याकडे वळते आणि बाण समोरून येणाऱ्या हवेशी जुळवून घेतो. आता त्याचा वेग कमी करणारा हवेचा रोध त्याच्या लांबीच्या दिशेने काम करतो, पण बाणाचे तोंडच तिरके असल्यामुळे त्या रोधाचा थोडा भाग बाणाला आडवा खेचतो. सार असे की बाण जितका वेग गमावतो तितका तो सरकतो. याचे सोपे सूत्र आहे: निर्वातात बाणाला जितका वेळ लागला असता त्यापेक्षा हवेत जितका जास्त वेळ लागतो, त्या जादा वेळाला वाऱ्याच्या वेगाने गुणावे, म्हणजे आडवे सरकणे मिळते.

उदाहरण घेऊ. समजा बाण सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटला आणि ७० मीटरवर पोचेपर्यंत त्याचा वेग ५४ झाला. सरासरी ५७ धरली तर त्याला १.२२८ सेकंद लागले. वेग अजिबात घटला नसता तर १.१६७ लागले असते. फरक ०.०६१ सेकंदाचा. सेकंदाला ३ मीटरचा आडवा वारा असेल तर बाण १८ सेंमी सरकेल. आता दुसरा बाण घ्या, जो जाड असल्यामुळे ६ ऐवजी ९ मीटरचा वेग गमावतो. त्याचा फरक ०.०९४ सेकंदाचा येतो आणि तो २८ सेंमी सरकतो. दोहोंत १० सेंमीचे अंतर पडले, आणि १२२ च्या फेसवर एक रिंग ६.१ सेंमीची आहे. रेषेवर मिळवलेले १.९ मिमी या १० सेंमीसमोर ठेवून पाहावेत.

वेग किती घटेल हे मी इथे समजण्यासाठी धरले आहे. प्रत्यक्षात ते बाणाचे वजन, पिसांचा आकार आणि बाण किती स्वच्छ सुटला यांवर अवलंबून असते. दिशा मात्र नक्की आहे. बाणाचा पृष्ठभाग व्यासाच्या प्रमाणात आणि समोरचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साडेपाचवरून ९.३ वर गेल्यास पृष्ठभाग १.७ पट आणि समोरचे क्षेत्रफळ जवळजवळ २.९ पट होते. वजन त्याच मानाने वाढवले तर घट भरून निघेल, पण मग बाण इतका संथ होईल की ७० मीटरवर साइटची (नेम धरायच्या साधनाची) पट्टी पुरणार नाही.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वारा स्थिर असेल तर १८ काय आणि २८ काय, दोन्ही साइटने किंवा बाजूला नेम धरून सुधारता येतात. गुण जातात ते वाऱ्याच्या चढउतारामुळे. वरच्याच उदाहरणात वारा सेकंदाला एका मीटरने बदलला तर बारीक बाण ६ सेंमी हलतो आणि जाड बाण साडेनऊ. म्हणजे नेमबाजाचा अंदाज तेवढाच चुकला तरी जाड बाणवाल्याला अर्ध्या रिंगहून जास्त भुर्दंड बसतो, आणि तो प्रत्येक चुकीच्या वेळी बसतो. खाडीकडून येणारा दुपारचा वारा झुळकांनी येतो, हे आपण सगळे जाणतो.

घोडबंदरकर (ठाणे)

फार मोलाची माहिती. ऑलिंपिकमध्ये रिकर्व्हवाल्यांचे बाण इतके बारीक का असतात, हे यावरून उलगडते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी ईस्टन कंपनीचा एक्स१० हा बाण आला. त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक नळीवर कार्बन चढवलेला असतो, आतला व्यास ३.२ मिमी, आणि शाफ्ट मधे किंचित फुगीर व दोन्ही टोकांना निमुळता असतो. तेव्हापासून रिकर्व्हची बहुतांश ऑलिंपिक पदके याच बाणावर जिंकली गेली आहेत. व्यास कमी आणि वजन भरपूर, हे त्याचे मर्म. पुढच्या टोकाला टंगस्टन वापरतात त्याचेही कारण तेच: पोलादाच्या जवळजवळ अडीचपट घनता असल्यामुळे बारीक टोकातही ११०-१२० ग्रेन वजन लहानशा लांबीत मावते.

याचा अर्थ आपल्या सगळ्यांनी एक्स१० घ्यावेत असा होत नाही. ज्याचा ग्रुप ७० मीटरवर अजून निळ्या-लाल पट्ट्यात पसरतो, त्याने ४.२ मिमीचा चांगला, सरळ, वजनाने एकसारखा निवडलेला कार्बन संच घ्यावा आणि वाचलेला पैसा बाण मारण्यात घालवावा.

पंच_ठाणे

पंचाच्या बाजूने काही गोष्टी सांगतो, कारण रेषेवरच्या बाणावरून होणारे वाद जवळून पाहिले आहेत.

शाफ्टची जाडी साहित्य तपासणीच्या वेळी पाहिली जाते. शाफ्टवर गुंडाळलेली रंगीत पट्टी ९.३ मिमीच्या मोजमापात धरत नाहीत, पण ती नॉकच्या खाचेपासून टोकाच्या दिशेने २२ सेंमीपेक्षा पुढे जाता कामा नये. प्रत्येक बाणाच्या शाफ्टवर नेमबाजाचे नाव किंवा आद्याक्षरे हवीत, आणि एका एंडमध्ये मारलेले सगळे बाण दिसायला एकसारखे हवेत. सरावात एखाद्या जाड बाणाचे शेपूट फुटले म्हणून त्याजागी बारीक बाण घेऊन कोणी शूटिंग लाइनवर उभे राहिले तर ते चालणार नाही.

जाड बाणाबद्दलचा एक गैरसमज असा आहे की तो कागद फाडून रेषा स्वतःकडे ओढतो आणि मग गुण मिळतात. रेषा बाणामुळे सरकली असेल किंवा कागदाचा तुकडाच गेला असेल, तर रेषा मूळच्या गोलाईत आहे असे धरून निर्णय दिला जातो. पंच वाकून, भिंग घेऊन दोन्ही बाजूंनी पाहतात, आणि संशय राहिला तर नेमबाजाच्या बाजूने वरचे गुण देतात. गुण लिहून होईपर्यंत बाणाला किंवा फेसला कोणीही हात लावायचा नाही. मुले उत्साहाने बाणाला बोट लावून ‘सर, टेकलाय’ म्हणून दाखवतात, ते प्रशिक्षकांनी सरावातच मोडून काढावे.

कळवेकर

मला मधला मार्ग योग्य वाटतो. आतला व्यास ६.२ मिमी, बाहेरचा साडेसातच्या आसपास, असा कार्बन शाफ्ट घेतला तर इनडोअरला एक मिमी त्रिज्या वाढते, स्पाइनची निवड भरपूर असते, किंमतही आटोक्यात राहते आणि वर्षभर एकच संच वापरता येतो. दोन-दोन संच सांभाळणे, दोन्हींसाठी धनुष्य जुळवणे, हे नोकरी करून सराव करणाऱ्याला जमत नाही. यावर सरांचे मत काय? आणि जो रिकर्व्हवाला तरीही दोन संच ठेवणार असेल, त्याने बाण बदलताना धनुष्यात नेमके काय काय बदलावे?

घोडबंदरकर (ठाणे)

कळवेकर दादा, जो वर्षातून बहुतेक वेळ ३० मीटरच्या आतच मारतो, त्याच्यासाठी तुमचा मधला मार्ग अगदी रास्त आहे. जो ७० मीटरवर राज्य स्पर्धेची तयारी करतो, त्याला मात्र मी तो सुचवणार नाही, कारण त्याचे सगळे महत्त्वाचे बाण उघड्यावर मारले जातात आणि इनडोअर हा त्याच्यासाठी चार महिन्यांचा सराव आहे. इनडोअरचा एक मिमी मिळवण्यासाठी त्याने मैदानावर वाऱ्याच्या हाती जास्त दोर देऊ नये.

आता जुळवणीबद्दल. जाड बाण रेस्टवर ठेवला की त्याचा मध्य दोन दिशांना सरकतो: प्लंजरला (बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या खुंटीला) टेकल्यामुळे रायझरपासून बाहेर, आणि रेस्टवर बसल्यामुळे वर. साडेपाचवरून ९.३ वर गेल्यास दोन्हीकडे १.९ मिमी. म्हणून प्लंजर तेवढाच रायझरच्या आत घ्यावा लागतो आणि रेस्ट तेवढाच खाली. रेस्ट खाली घेतला की बाणाचा मध्य पूर्वीच्याच उंचीवर येतो, प्लंजर त्याच्या बरोबर मध्यावर टेकतो, आणि दोरीवरच्या नॉकिंग पॉइंटला (बाण लावायच्या जागेला) हात लावावा लागत नाही. चिकटवायचा रेस्ट असलेल्यांना हे कठीण जाते; ते नॉकिंग पॉइंट वर घेतात, पण मग प्लंजर बाणाच्या मध्याखाली टेकतो आणि बाण उसळी घेतो. शक्य असल्यास दुसरा प्लंजर विकत घ्यावा, जाड बाणांना जुळवून त्याची चकती घट्ट करावी आणि ऋतू बदलला की अख्खा प्लंजरच बदलावा. मळसूत्र फिरवून दरवेळी अंदाजाने जुळवण्यापेक्षा ते कितीतरी खात्रीचे आहे.

रेस्टची तार जाड बाणाला पुरेशी लांब हवी, पण वरून पाहिले असता बाणाच्या बाहेर डोकावायला नको, नाहीतर पिसे तिला लागतात. क्लिकरच्या (बाण पूर्ण ओढला की टिक वाजवणाऱ्या) पट्टीवर जाड बाण जास्त दाब देतो, तेव्हा ती थोडी बाहेर वाकवून घ्यावी. बाणाची लांबी दोन्ही संचांत तीच ठेवली असेल तर क्लिकरची जागा बदलावी लागत नाही, आणि ते नेमबाजाच्या सवयीसाठी चांगले.

नॉकही विसरू नये. जाड शाफ्टबरोबर मोठा नॉक येतो आणि त्याची खाच आपल्या दोरीच्या सर्व्हिंगवर (दोरीवर गुंडाळलेल्या धाग्यावर) सैल किंवा घट्ट बसू शकते. बाण दोरीला लावून तो खाली लोंबकळता ठेवावा आणि दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारावी. बाण तेव्हा सुटला पाहिजे. नुसत्या स्वतःच्या वजनाने पडत असेल तर नॉक सैल आहे, टिचकी मारूनही चिकटून राहत असेल तर घट्ट.

नेरुळची_आई

सर, मनापासून आभार. १८१६ चे अर्धा डझन घ्यायचे ठरवले आहे. ते आल्यावर तिच्या धनुष्याला खरोखर जुळले की नाही, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

घोडबंदरकर (ठाणे)

ताई, घरी नको. प्रशिक्षकांच्या समोर, हॉलमध्येच करा. सहापैकी चार बाणांना पिसे लावा आणि दोन तसेच ठेवा. प्लंजर आणि रेस्ट वर सांगितल्याप्रमाणे जुळवल्यावर तिने १८ मीटरवर आधी पिसांचे बाण मारावेत, मग बिनपिसांचे. उजव्या हाताच्या नेमबाजाचे बिनपिसांचे बाण ग्रुपच्या डावीकडे पडले तर शाफ्ट ताठ आहे, उजवीकडे पडले तर मऊ. थोडा फरक प्लंजरच्या स्प्रिंगने निघतो: ताठ वाटत असेल तर स्प्रिंग सैल, मऊ वाटत असेल तर कडक. स्प्रिंगने न निघण्याइतका फरक असेल तर टोक बदलावे. जड टोकाने शाफ्ट मऊ वागतो, हलक्याने ताठ. शाफ्ट कापण्याची घाई मात्र करू नये, कारण कापला की तो ताठच होतो आणि परतीचा रस्ता बंद होतो.

त्यानंतर पिसांवर आणि शाफ्टच्या मागच्या भागावर टाल्कम पावडर मारून एक बाण सोडायला सांगा. रेस्टवर किंवा रायझरच्या खिडकीत पांढरा ओरखडा उमटला तर बाण कुठे घासतो आहे ते लगेच दिसेल. पावडर जिथे पुसली गेली असेल ते पीस कोणत्या बाजूचे आहे हे पाहून नॉक अगदी थोडा फिरवावा आणि पुन्हा पावडर मारून तपासावे. टोक चिकटवताना हॉट-मेल्ट गोंद वापरा, म्हणजे पुढे टोक बदलता येईल, आणि उष्णता टोकालाच द्या. तिच्या कार्बनच्या बाणांबाबत तर ही काळजी फारच घ्यावी लागते, कारण जास्त तापल्यास कार्बनचे थर सुटतात आणि तसा बाण दोरीवर तुटला तर हाताला गंभीर इजा होते.